पायाची आडवी कमान, इमारतीची आडवी कमान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा लागला की इंदूरहून मराठी मंडळी मांडूला निघतात आणि त्यांच्यासोबत हिंडोला महाल दाखवायला मीही जातो. पेशाने स्ट्रक्चरल इंजिनिअर, त्यामुळे कमानी दिसल्या की माझे बोलणे लांबते. परतल्यावर जे प्रश्न येत राहतात, त्यांतले निम्मे दगडी कमानींचे असतात आणि निम्मे दिवसभर चालून दुखावलेल्या तळपायांचे. दोन्ही एकत्र उत्तरे देण्याजोगे निघाले, म्हणून हे पान. पायांविषयीची उत्तरे आमच्या फिजिओथेरपिस्ट वहिनींनी तपासली आहेत. मात्र पाय दुखत असेल तर पान वाचून थांबू नका, तो कुणाला तरी प्रत्यक्ष दाखवा.

१. पायाची आडवी कमान म्हणजे नक्की कोणती? मला तर तळव्याला आतल्या बाजूचा एकच खोलगट भाग दिसतो.

तो खोलगट भाग म्हणजे टाचेपासून अंगठ्याच्या मुळापर्यंत जाणारी आतली उभी कमान. बाहेरच्या कडेनेही एक उभी कमान आहे, पण ती इतकी बसकी असते की मांसाखाली झाकून जाते. आडवी कमान पायाच्या रुंदीत असते, आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत. ती तळव्याकडून शोधायला जाऊ नका. बुटाची नाडी बांधतो तिथे, पावलाच्या पाठीवर, हात आडवा फिरवा. आतल्या बाजूला उंचवटा लागेल आणि करंगळीकडे उतार. तो उतार म्हणजेच आडव्या कमानीची पाठ.

इमारतीतही तसेच. लांबट दालनाच्या एका लांब भिंतीपासून समोरच्या लांब भिंतीपर्यंत, दालनाची रुंदी ओलांडून जाते ती आडवी कमान.

२. ती कोणत्या हाडांची बनते?

एका पायात २६ हाडे असतात. त्यांतली ७ घोटा, टाच आणि मधल्या भागातली, ५ चवड्याची लांब हाडे आणि १४ बोटांची. आडवी कमान मधल्या भागात आहे. बाहेरच्या कडेला एक चौकोनी हाड, त्याच्या आत ओळीने तीन पाचरीची हाडे आणि त्यांच्यापुढे चवड्याच्या पाचही हाडांची मुळे.

तीन पाचरींपैकी मधली आणि बाहेरची पाचर वरून रुंद, तळाशी अरुंद असते. गवंडी कमानीचे दगड घडवतो तो आकार हाच. सगळ्यांत आतली पाचर मात्र उलटी, तळव्याकडे रुंद. शिवाय चवड्याच्या दुसऱ्या हाडाचे मूळ बाकीच्यांपेक्षा मागे सरकून पाचरींच्या खाचेत घट्ट बसलेले असते. ही खाच प्रश्न १३ मध्ये पुन्हा लागणार आहे.

३. पायात अर्धीच कमान असते, हे खरे का?

हो. बाहेरची कड जमिनीवर टेकते, आतली कड अधांतरी राहते. दोन्ही पाय जुळवून उभे राहिलात की दोन अर्धी मिळून एक घुमट होतो. शरीररचनेच्या पुस्तकांतून हे वाक्य हमखास भेटते. पण चालताना आपण बहुतेक वेळ एकाच पायावर असतो, त्यामुळे त्या घुमटाचे मला फारसे कौतुक वाटत नाही.

४. इमारतीत आडव्या कमानी घालायच्या कशासाठी? सरळ तुळया का नाही टाकत?

दगड दाबाला पक्का, ताणाला कच्चा. दगडी तुळई वाकली की तिच्या खालच्या बाजूला ताण येतो आणि ती तिथून तडकते. म्हणून दगडी तुळईचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधले अंतर, फार वाढवता येत नाही. कमानीत भार दगडाकडून दगडाकडे दाबानेच जातो, त्यामुळे मोठी रुंदी ओलांडता येते. लांब दालनावर ठरावीक अंतराने अशा कमानी उभ्या केल्या की दोन कमानींमधला गाळा लहान उरतो आणि तेवढ्यावर छत घालणे सोपे जाते.

याचा आपल्या जवळचा नमुना म्हणजे इंदूरहून साधारण १०० किलोमीटरवर मांडूचा हिंडोला महाल. पंधराव्या शतकातला, माळव्याच्या सुलतानांच्या काळचा. इमारतीचा आराखडा इंग्रजी टी अक्षरासारखा आहे. टीचा दांडा म्हणजे लांब दरबारी दालन, आणि त्यावरून आडव्या जाणाऱ्या उंच, टोकदार कमानी. छत केव्हाच गेले, कमानी उभ्या आहेत. दालनाच्या एका टोकाला उभे राहून वर पाहा. एकामागे एक कमान आणि मधून आभाळ. छत नसल्यामुळेच तिथे शिकायला सोपे जाते, कोण कोणाला पेलत होते ते उघडे दिसते. टीच्या आडव्या भागात वर जाणारा रुंद चढ आहे, त्याला हाथी चढाव म्हणतात. मंडळी फोटो तिथेच काढतात. माझी विनंती असते की आधी कमान जिथे भिंतीतून निघते तिथे दोन मिनिटे थांबा.

५. हिंडोला महालाच्या भिंती तिरक्या का आहेत? झोका हलल्यासारखा दिसावा म्हणून?

नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. भिंती जमिनीशी सुमारे ७७ अंशांत, खाली पसरलेल्या आणि वर निमुळत्या. दिल्लीच्या तुघलकी इमारतींतही असा उतार आढळतो, त्यामुळे शैलीचा भाग आहेच. पण आडव्या कमानी असलेल्या दालनाला या जाड, पसरट भिंतींचा दुसराही उपयोग होतो.

कमान नुसती खाली दाबत नाही, बाहेरही रेटते. साधा हिशेब करू. गाळा ४ मीटर, दर मीटरला १ टन भार, म्हणजे एकूण ४ टन. प्रत्येक बाजूला खाली २ टन जाणार, ते कुणालाही कळते. पण कमानीची उंची १ मीटर असेल तर प्रत्येक भिंतीला बाहेरच्या दिशेनेही २ टनांचा रेटा बसतो. कमान बसकी करून उंची अर्ध्या मीटरवर आणली तर तोच रेटा ४ टन होतो. उंच, टोकदार कमानी शोभेसाठी असतात असे समजणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. कमान जितकी उंच तितका रेटा कमी, आणि उरलेला रेटा अंगावर घ्यायला पायथ्याशी जाड भिंत.

६. मधला कळीचा दगड काढला की कमान कोसळते ना? म्हणजे सगळा जीव त्यातच?

कोणताही दगड काढला तरी तेच होईल. कळीचा दगड सगळ्यांत शेवटी बसतो, म्हणून त्याला मान. तो बसेपर्यंत सगळी कमान लाकडी सेंटरिंगवर विसावलेली असते. तो बसला की सेंटरिंग काढता येते.

खऱ्या कमानी मरतात त्या बहुधा पायांमुळे. आधार किंचित बाहेर सरकले की माथ्याशी खालच्या अंगाने फट पडते आणि पायथ्यांशी वरच्या अंगाने. कमान जरा खाली बसते, पण लगेच पडत नाही. रॉबर्ट हूक यांनी १६७५ मध्ये मांडलेले तत्त्व इथे कामाला येते. लोंबती साखळी जो आकार घेते तो उलटा केला की कमानीचा बिनताणाचा आकार मिळतो. अशी एखादी उलटी साखळी दगडांच्या जाडीत कुठेतरी मावते आहे तोवर कमान उभी राहते. आधार सरकतच गेले तर ती मावेनाशी होते. म्हणून जुन्या कमानीला तडा दिसला की माथ्यात चुना भरण्याआधी भिंती बाहेर झुकल्यात का ते ओळंब्याने पाहावे.

७. पायाला तर भिंती नाहीत. मग तिथला रेटा कोण धरतो?

बांधकामात जाड भिंत परवडत नसेल तर कमानीचे दोन पाय लोखंडी सळईने एकमेकांना बांधतात. पायातही तसेच बांधलेले आहे, फक्त सळई जिवंत आहे. चवड्याच्या हाडांना एकमेकांशी जोडणारे आडवे अस्थिबंध हा पहिला बांध. दुसरा म्हणजे पोटरीच्या बाहेरच्या बाजूने उतरणाऱ्या एका लांब स्नायूची दोरी. ती घोट्यामागून येते, चौकोनी हाडाखालून वळते आणि तळवा आडवा ओलांडून अंगठ्याच्या हाडाच्या मुळाशी आणि आतल्या पाचरीवर बसते. आतल्या बाजूने येणारा दुसरा स्नायू तळव्यातल्या अनेक हाडांना धरून ठेवतो. अंगठ्याला बोटांकडे ओढणाऱ्या स्नायूचे आडवे टोक पुढच्या भागात तेच करते.

भिंती भक्कम असल्या तर दगडी कमान नुसत्या पाचरींवर उभी राहते. पायात पाचरी आहेत, पण बांध सैल पडले की त्या एकट्या पुरत नाहीत.

८. आडवा बाक आणि लांबीतला कडकपणा यांचा काय संबंध?

पाकिटातली एक नोट काढा. एका टोकाला धरून आडवी पकडा, दुसरे टोक खाली लोंबेल. आता धरलेल्या टोकाशी तिला रुंदीत किंचित बाक द्या. नोट न लोंबता ताठ राहील, वर एखादे नाणेही पेलेल. रुंदीत वाकवली आणि लांबीत ताठ झाली. कारण आता ती खाली वाकायची तर नुसती वाकून भागत नाही, कडा ताणाव्या लागतात, आणि कागद ताणणे वाकवण्यापेक्षा कितीतरी अवघड.

पाऊल टाकताना टाच उचलली की सगळा भार चवड्यावर येतो. तेव्हा पाऊल मधोमध मोडू नये म्हणून ते लांबीत कडक हवे. फार काळ याचे श्रेय उभ्या कमानीला आणि तळव्याच्या जाड पट्ट्याला दिले जात होते. १९५४ मध्ये हिक्स यांनी दाखवले होते की बोटे वर वळली की हा पट्टा चवड्याभोवती गुंडाळला जाऊन ताणतो आणि कमान उचलतो. ते बरोबरच आहे. पण २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये मधुसूदन वेंकडेसन, श्रेयस मंद्रे, महेश बंदी आणि सहकाऱ्यांनी आडव्या कमानीचा हिशेब मांडला. देहदानातून मिळालेल्या पायांत त्यांनी चवड्याच्या हाडांना आडवे जोडणाऱ्या ऊती कापल्या, आणि पायाचा लांबीतला कडकपणा ४० टक्क्यांहून अधिक घटला. उभी कमान जागेवर असूनही.

९. म्हणजे हिंडोला महाल आणि माझा पाय एकाच तत्त्वावर उभे आहेत?

नाही, आणि इथेच बहुतेक लेखांत गल्लत होते. महालातली कमान आपल्याच पातळीत भार घेते, छताचे वजन वरून येते आणि दोन भिंतींकडे वाटले जाते. पायातल्या आडव्या कमानीवरचा मोठा भार तिच्या पातळीत येतच नाही, तो पावलाला लांबीत वाकवू पाहतो. इमारतींत तिचे खरे भाऊबंद शोधायचे तर ते पन्हाळी पत्रा आणि पातळ सिमेंट काँक्रीटची अर्धगोल छते. इंदूरच्या पालदा भागातल्या एखाद्या कारखान्यावरचा पत्रा पाहा. सपाट असता तर स्वतःच्या वजनाने झोळ आला असता. पन्हाळींमुळे तो एका दिशेला ताठ आहे. दुसऱ्या दिशेला मात्र सहज गुंडाळता येतो.

दोघांत सामाईक आहे ते एकच, पाय पसरू द्यायचे नाहीत. पसरले की दगडी कमान तडकते आणि पावलाचा बाक सपाट होऊन त्याचा ताठपणा जातो.

१०. ओल्या पायाचा ठसा पूर्ण सपाट उमटतो. माझी आडवी कमान गेली का?

ठशावरून आडव्या कमानीबद्दल काहीच कळत नाही. तो आतल्या उभ्या कमानीचा अंदाज देतो, तोही ढोबळ, कारण तळव्याची चरबी आणि वजन यांनी ठसा बदलतो. त्यापेक्षा भिंतीला हात टेकून चवड्यांवर उभे राहा आणि कुणाला तरी मागून पाहायला सांगा. खोलगट भाग तयार झाला आणि टाच किंचित आत वळली, तर तुमचा सपाटपणा लवचिक आहे. दुखत नसेल तर त्याला बहुधा उपचार लागत नाहीत. चवड्यांवर गेल्यावरही पाय सपाटच राहिला, किंवा एका पायावर तसे उभेच राहता आले नाही, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. पूर्वी चांगला असलेला एकच पाय मोठेपणी सपाट होऊ लागला तर वाट पाहू नका.

११. नातू ३ वर्षांचा आहे, तळवे पोळीसारखे सपाट. आतल्या बाजूला उंचवटा असलेले बूट घ्यायचे का?

या वयात बहुतेक मुलांचे तळवे सपाटच दिसतात, तळव्यात चरबीची गादी असते आणि सांधे सैल. कमान पुढच्या काही वर्षांत आकार घेते. दुखत नसेल, धावता येत असेल, तर विशेष बुटांची गरज नसते.

उलट एक भारतीय पाहणी आठवते. राव आणि जोसेफ यांनी १९९२ मध्ये २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासून निष्कर्ष छापले. पादत्राणे वापरणाऱ्यांत सपाट पाय ८.६ टक्के, न वापरणाऱ्यांत २.८ टक्के. बंद बुटांत प्रमाण चपलांपेक्षा जास्त होते. एवढ्यावरून बूट फेकून द्या असे मी म्हणणार नाही, पण आजोबांना खर्च करायचाच असेल तर नातवाला नेहरू पार्कच्या हिरवळीवर अनवाणी धावू द्यावे. ते फुकट आहे.

१२. चवड्याखाली जळजळते. “पुढची आडवी कमान बसली” असे सांगितले आणि पॅड दिले. ते कुठे ठेवायचे?

आधी कमानीचे. चवड्याच्या हाडांच्या टोकांशी, म्हणजे बोटांच्या मुळाशी, एक आडवी कमान असते आणि भार फक्त अंगठ्याखाली व करंगळीखाली येतो, असे जुने चित्र आहे. उभे राहिल्यावर दाब मोजला तर पाचही टोके भार घेताना दिसतात. तेव्हा तिथे ‘बसायला’ कमान नसतेच. खरी आडवी कमान मागे, पायाच्या मध्यभागी आहे (प्रश्न २). पुढे होऊ शकते ते असे की हाडे एकमेकांपासून पसरतात, चवडा रुंदावतो, एक-दोन टोकांवर जास्त भार येतो आणि खाली घट्टा धरतो. तिसऱ्या आणि चौथ्या बोटाच्या मध्ये झिणझिण्या येत असतील तर तिथली नस जाड झालेली असू शकते.

आता पॅड. बहुतेक लोक ते दुखऱ्या जागेखालीच ठेवतात आणि दुखणे वाढवून घेतात. पॅडचा फुगवटा दुखऱ्या टोकांच्या मागे, टाचेच्या दिशेने यायला हवा, म्हणजे भार टोकांवरून हाडांच्या दांड्यांवर सरकतो. सोपी युक्ती अशी. दुखऱ्या जागेला लिपस्टिकचा ठिपका लावा, बुटाच्या आतल्या तळाशी उमटू द्या, आणि पॅडची पुढची कड त्या खुणेच्या थोडी मागे ठेवा. पुढून निमुळता बूट घालून मात्र कोणतेही पॅड उपयोगी पडणार नाही.

१३. स्कूटर घसरली, पाय अडकून पिळवटला. एक्स-रे नॉर्मल, मोच म्हणून सोडले. पण आठवडा झाला, पाय टेकवत नाही.

पुन्हा दाखवा. चवड्याच्या दुसऱ्या हाडाचे मूळ ज्या खाचेत बसते तिथला अस्थिबंध तुटला तर पाऊल मधोमध ढिले होते. नेपोलियनच्या काळातील शल्यविशारद लिस्फ्रँक यांच्या नावाने ही दुखापत ओळखली जाते. आडवे झोपवून काढलेल्या एक्स-रेत हाडे जागेवर दिसू शकतात, कारण भारच नसतो. म्हणून शक्य असल्यास उभे राहून, दोन्ही पायांचा तुलनेसाठी एक्स-रे काढतात, आणि पहिल्या व दुसऱ्या हाडांमधले अंतर पाहतात. तळव्याच्या मध्यावर काळानिळा डाग असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. वेळेवर लक्षात आले नाही तर पुढे पाऊल सपाट होऊन संधिवात धरतो.

१४. माझी कमान उंच आहे. हे तर चांगलेच ना?

फार उंच असेल तर नाही. असा पाय ताठ असतो, धक्का पचवत नाही आणि भार टाच व चवडा यांवरच येतो. केर आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये हिशेब केला होता की धावताना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या ऊर्जेची जी एकूण उलाढाल होते, तिच्या सुमारे १७ टक्के ऊर्जा कमानीच्या स्प्रिंगमध्ये साठते आणि तिचा बराच भाग परत मिळतो. स्प्रिंग दबलीच नाही तर परत काय मिळणार? कमान मोठेपणी उंच होत चालली असेल तर मज्जातंतूंची तपासणी करून घ्यावी.

१५. घरात सगळीकडे कोटा फरशी आहे, सकाळी पहिले पाऊल टाकताना टाचेत सुई टोचते.

ही बहुधा तळव्याच्या पट्ट्याची, म्हणजे उभ्या कमानीच्या तणाव्याची तक्रार, आडव्या कमानीची नव्हे. घरात मऊ तळाची चप्पल, उठण्याआधी बोटे वर ओढून तळवा ताणणे आणि पोटरीचे व्यायाम. सुधारायला महिने लागतात.

१६. ओंकारेश्वरहून नर्मदा परिक्रमेला निघतोय, अनवाणी चालायचा संकल्प आहे. सपाट पायाने चालेल?

लवचिक आणि न दुखणाऱ्या सपाट पायाने पुष्कळ लोक परिक्रमा करतात. अडचण सपाटपणाची नसते, अचानकपणाची असते. आयुष्यभर चपलेत वावरलेल्या पायाला एकदम रोज २० किलोमीटर खडक आणि काटे दिले तर चवड्याच्या हाडाला बारीक तडा जाऊ शकतो. आधी काही महिने अनवाणी चालणे हळूहळू वाढवा. मधुमेह असेल तर संकल्पात पादत्राणाची सूट घ्या, नर्मदामैया रागावत नाही.

१७. बाबांना मधुमेह आहे. पाय सुजलाय, गरम लागतो, पण दुखत नाही. थांबू का?

थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. संवेदना गेलेल्या पायात हाडे मोडून कमान आतून ढासळत असू शकते, आणि दुखत नसल्यामुळे माणूस त्यावरच चालत राहतो. वेळ गेली तर तळवा उलटा फुगीर होतो आणि तिथे जखमा होतात. सूज आणि ऊब दोन्ही पायांत वेगळी लागते का, हे हाताच्या पाठीने तपासा. डॉक्टरांना दाखवेपर्यंत त्या पायावर भार देऊ नका.

१८. राजवाड्याजवळचे आमचे जुने घर. छताला लोखंडी गर्डर आणि मधे विटांच्या बसक्या कमानी. एसीच्या पाइपासाठी भिंतीलगतची आडवी सळई कापली तर चालेल?

अजिबात नाही. दोन गर्डरांमधल्या या उथळ कमानी एकमेकींना रेटतात, त्यामुळे मधल्या गर्डरवर दोन्ही बाजूंचे रेटे बरेचसे फिटतात. शेवटच्या कमानीला मात्र पलीकडून रेटणारे कोणी नसते, तिचा सगळा जोर बाहेरच्या भिंतीवर जातो. ती सळई याच कामासाठी घातलेली आहे. कमान इतकी उथळ आहे म्हणजे रेटा किती जास्त, ते प्रश्न ५ च्या हिशेबावरून कळेल. पाइप दुसरीकडून न्या. सळई आधीच कोणी कापलेली असेल, किंवा गर्डर गंजून पापुद्रे सुटत असतील, तर त्या खोलीच्या छतावरची पाण्याची टाकी आधी हलवा, आणि मग इंजिनिअरला बोलवा.